खोडकर की खोडसाळ? 'प्रँक'साठी मराठी शब्द

परवा परळला आमच्या चाळीत प्रचारफेरी आली होती. दोन कॉलेजच्या पोरांनी हार घालायच्या निमित्ताने उमेदवाराजवळ जाऊन त्यांच्या गळ्यात कांद्यांची माळ घातली. तिसरा मोबाईलवर शूट करत होता. साध्या वेशातल्या पोलिसाने पहिल्याचा हात असा पिरगळला की पोरगं कळवळलं. त्याची आई म्हणत होती, "अहो, मस्करी केली हो त्याने." पोरं म्हणत होती 'प्रँक'. पोलीस म्हणत होता 'हुल्लडबाजी'. मराठीत नेमका शब्द कोणता?

उत्तर

मला 'मस्करी' इथे पटत नाही. 'मस्करी', 'थट्टा', 'खोडी' हे सगळे ओळखीतले शब्द आहेत. खोडी काढणारा कोण हे समोरच्याला माहीत असतं, आणि यातून आपल्या जिवाला काही होणार नाही हेही. उमेदवाराला यातलं काहीच माहीत नसतं. त्याला आणि त्याच्या रक्षकाला दिसतो तो गर्दीतून पुढे आलेला एक अनोळखी हात. 21 मे 1991 ला श्रीपेरुंबुदूरला राजीव गांधींजवळ मारेकरी बाई हार घेऊनच आली होती आणि पाया पडायला वाकली होती. त्या दिवसानंतर गळ्याकडे जाणारी माळ ही नुसती माळ राहिलेली नाही. पोलिसाने हात पिरगळला म्हणून मला पोराचं वाईट वाटतं, पण त्या क्षणी त्याने दुसरं काय करायचं होतं?

द्रव पदार्थ असेल तर आणखी कठीण. अंगावर पडेपर्यंत शाई आहे की अ‍ॅसिड, हे कुणालाच कळत नाही. नेदरलँड्समध्ये मार्च 2002 मध्ये निवडणुकीला उभे असलेले नेते पिम फॉर्टाउन यांच्या तोंडावर केक फासले गेले, लोक हसले. 6 मे 2002 ला, मतदानाच्या तोंडावर, त्यांना गोळ्या घालून मारलं. मारेकरी वेगळा होता; पण त्यांच्या इतकं जवळ जाता येतं, हे सगळ्यांना आधीच दिसलं होतं.

आपल्याकडचं 'काळं फासणं' तर मुळातच गंमत नव्हे. ती गाढवावरून धिंड काढण्याच्या जातीतली शिक्षा आहे. 2015 मध्ये मुंबईत एका पुस्तक प्रकाशनाचे आयोजक सुधींद्र कुलकर्णी यांच्या तोंडाला काळं फासलं, त्याला कुणी प्रँक म्हटलं नाही. डिसेंबर 2022 मध्ये पिंपरी-चिंचवडला चंद्रकांत पाटलांवर शाई फेकली, तेव्हा बंदोबस्तावरचे पोलीस निलंबित झाले. शाई टाकणाऱ्याचं नाव गाजतं, घरी बसतो तो हवालदार. मला ही गोष्ट सर्वांत जास्त खुपते.

दुसरं मत

सगळं पटलं, पण 'हुल्लडबाजी' मला मान्य नाही. तो शब्द पोलीस चौकीतला आहे आणि उद्या साध्या घोषणेलाही चिकटवतील. उमेदवाराची टिंगल करण्याचा हक्क मतदाराला हवाच. सत्तरच्या दशकात मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्याबरोबर याच शहरातल्या बायका महागाईविरुद्ध लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या, थाळ्या बडवल्या. सरकारची पुरती खिल्ली उडाली आणि कुणाच्या अंगाला बोट लागलं नाही. 'निदर्शन' म्हणजे दाखवून देणं. त्यात हात लावणं येत नाही. कांद्यांची माळ स्वतःच्याच गळ्यात घालून ती पोरं फेरीसमोर उभी राहिली असती, तर तेच म्हणणं पोचलं असतं आणि फोटोही चांगला आला असता.

शब्दाचं म्हणाल तर 'खोडकर' आणि 'खोडसाळ' यांतला फरक बघा. खोडकर मुलाला आपण माफ करतो. खोडसाळ बातमी म्हटलं की त्यात वाईट हेतू आला. ही पोरं खोडसाळ नव्हती, पण त्यांचं कृत्य खोडकरही राहिलं नाही. या मधल्या जागेसाठी आपल्याकडे एक वाक्प्रचार आहे: मस्करीची कुस्करी.

पहिला प्रश्नकर्ता

'कुस्करी' कुस्करण्यातून आलेली ना? त्या पोराचं मनगट अजून सुजलेलं आहे. त्याच्या आईला मी हाच शब्द सांगितला, आणि ती म्हणाली, "हो, तसंच झालं."