मदत हवी आहे: वाड्यातली रात्र दिवसा कशी शूट करावी?

नागपुरात महाल भागातल्या एका जुन्या वाड्यात २० मिनिटांची भयपट शॉर्टफिल्म करतोय. घराण्याचा वाडा, वरच्या माडीवर कोणीतरी वावरतं, अशी गोष्ट. सगळे प्रसंग रात्रीचे आणि घरमालक काका संध्याकाळी सातनंतर थांबू देत नाहीत. (भूत नाही, शेजारी त्रास देतात म्हणे!)

खोल्यांचं जमलं. खिडक्यांना काळं कापड, व्हाइट बॅलन्स ३२०० केल्विन (म्हणजे दिवसाचा उजेड निळसर दिसतो), एक्सपोजर दोन स्टॉप खाली (चित्र मुद्दाम काळोखं). समईचा उजेड झकास दिसतो. सेकंदाला २४ फ्रेम्स, शटर १/५० सेकंद, त्यामुळे बल्बचा फ्लिकरही (लुकलुक) नाही.

घोडं अडलंय चौकात. साधारण बारा बाय बारा फुटांचा, वरून उघडा. दुपारी उन्हाचा कवडसा थेट तुळशीवृंदावनावर पडतो आणि रात्रीचं सोंग तिथंच उघडं पडतं. बिछायतवाल्याकडून काळा पडदा आणून वर बांधला, तर वाऱ्यानं फडफडून साउंडची पार वाट लागली. शिवाय खाली इतका अंधार झाला की आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश टिपण्याची संवेदनशीलता) वाढवून चित्रात दाणेच दाणे.

कॅमेरा ८ बिटचा (रंगांच्या छटा कमी टिपतो), म्हणून एडिटमध्ये फार निळं केलं की भिंतीवर पट्टे येतात. वाड्याची वायरिंग जुनी, मोठे लाइट लावता येणार नाहीत. भिंतीला खिळा ठोकायचा नाही. बॅटरीचे दोन एलईडी पॅनल आहेत. चौकातले शॉट सहा, त्यातले दोन आभाळासकट.

पडद्याऐवजी वर काय ताणावं, की ऊन जाईल पण सावलीचा मऊ उजेड राहील आणि आवाजही होणार नाही? की सहाही शॉट तीन दिवसांत वाटून फक्त सूर्यास्तानंतरच्या वीसेक मिनिटांत उरकावेत?