मदत हवी आहे: बीटा एचसीजी (गरोदरपणाची रक्ततपासणी) ४८ वरून ८१, दुप्पट नाही म्हणून घाबरायचं का?

नमस्कार ताईंनो. आम्ही खानापूरजवळच्या खेड्यातले. बेळगावात आयव्हीएफ केलं, पाच दिवसांचा एकच गोठवलेला गर्भ सोडला. दहाव्या दिवशी बीटा एचसीजी ४८ आलं, ४८ तासांनी ८१. डॉक्टर म्हणाल्या, "वाढतंय, दोन दिवसांनी परत बघू." पण जो तो 'दुप्पटच व्हायला पाहिजे' म्हणतो, त्यामुळे जीव टांगणीला लागलाय.

त्यात माझाच एक घोळ. पहिलं रक्त बेळगावात दिलं, दुसरं पावसामुळे खानापुरातच. लॅब बदलली की आकड्यात फरक पडतो म्हणे. मग ही तुलना धरायची तरी का? तिसरं बेळगावलाच देणार.

किटवरची दुसरी रेघ इतकी फिकट, की पट्टी खिडकीशी धरून बघितली. मला दिसली, ह्यांना नाही! सासूबाईंना अजून काही बोललेलो नाही. गर्भ टिकण्यासाठीचं औषध, प्रोजेस्टेरॉन, चालूच आहे. पाळीसारखं ओटीपोट दुखतं, रक्तस्राव नाही.

कुणाचा आकडा असाच सावकाश वाढला होता का? पुढे सोनोग्राफीत ठोके दिसले का, कितव्या आठवड्यात? नुसता धीर नको, झालं तसं सांगा.