अनुभव धागा: लांब पल्ल्याला निघालेल्या सायकलस्वाराला धीर कसा दिलात?

माझी मैत्रीण पुढच्या महिन्यात एकटी सायकलवर निघते आहे, हजार किलोमीटरच्या वर. सायकल तयार आहे, रजा मंजूर आहे आणि रात्री उशिरा फोन करून ती विचारते, "जमेल ना गं?" माझं "हो गं, नक्की जमेल" आता तिलाही पाठ झालंय. म्हणून तुम्हाला विचारते. निघण्याआधी कुणाच्या बोलण्याने तुम्हाला खरंच बळ आलं? किंवा तुम्ही कुणासाठी काय केलंत? सामानाच्या याद्या नकोत, त्या ढिगाने आहेत. घडलेलं सांगा, फसलेलंही चालेल.

*

मी ब्रेव्हे करते, म्हणजे ठरलेलं लांब अंतर ठरलेल्या वेळेत सायकलने पूर्ण करायचं. २०० किमीला साडेतेरा तास मिळतात, ३०० ला २०, ४०० ला २७ आणि ६०० ला ४०. पहिल्या ६०० च्या आधी माझी झोप उडाली होती. माझ्या जोडीदाराने (सायकलवरच्या!) धीरबीर काही दिला नाही, कागद पुढे ओढला. "सरासरी ताशी २० ने गेलीस तर सायकलवर ३० तास. हातात १० उरतात. झोप, जेवण, पंक्चर सगळं त्या दहांत बसव." एवढंच. पण भीतीचा हिशोब झाला की ती जरा आवाक्यात येते. रात्रभर मी ते दहा तासच मोजत होते.

त्याने एक नियमही घालून दिला होता: रात्री २ ते पहाटे ५ या वेळात 'सोडायचं का' हे ठरवायचंच नाही. आधी खायचं, पंधरा मिनिटं डोळे मिटायचे, उजाडलं की ठरवायचं. त्या वेळी अंगातली झोप बोलत असते. उजाडल्यावर सोडायचा विषयच निघाला नाही.

*

माझं थोडं उलट आहे. निघताना सगळे "तू तर वाघ आहेस" म्हणत होते. तिसऱ्या दिवशी गुडघा ठणकायला लागला आणि त्या कौतुकाचंच ओझं झालं. परत फिरायचीही लाज वाटत होती. तेव्हा एकाच मित्राचं बोलणं कामी आलं. तो निघायच्या आदल्या दिवशी म्हणाला होता, "कुठूनही फोन कर, गाडी घेऊन येतो. कारण विचारणार नाही." फोन करायची सोय आहे म्हटल्यावर डोकं शांत झालं. एक दिवस मुक्काम वाढवला, सीट थोडी वर घेतली (खाली राहिली होती, गुडघा जास्त दुमडत होता) आणि पुढे गेलो. वाघ वगैरे म्हणू नका हो कुणाला.

*

मैत्रिणीने मला जमिनीवर बसवून मागचं चाक काढायला लावलं. पुढचं नाही, मागचंच, कारण सगळे त्यालाच घाबरतात. चेन आधी सगळ्यात लहान चक्रावर आणायची, मग चाक सोडवायचं. नवी ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून हळूच बोटं फिरवायची. काटा आतच राहिला तर दुसरी ट्यूबही गेलीच. मी घामाघूम, ती चहा पीत बसलेली. पुन्हा काढ म्हणाली, पुन्हा घाल म्हणाली. प्रोत्साहन म्हणजे हेच असतं हे मला तेव्हा कळलं नाही, नुसता राग आला होता.

*

मी पन्नाशी ओलांडलेली. "या वयात?" ऐकून कान किटले होते. एका मैत्रिणीने ॲनी लंडनडेरीची गोष्ट सांगितली: १८९४ मध्ये बोस्टनहून सायकलवर जगप्रदक्षिणेला निघालेली, तीन लहान मुलांची आई, त्याआधी सायकलची फारशी सवयही नसलेली. मी भारावले. मग स्वतः वाचायला बसले तर बाईंनी बराचसा प्रवास जहाजाने केलेला! हे मैत्रिणीने सोयीस्करपणे गाळलं होतं. पण मला त्यातूनच जास्त बळ मिळालं. मधला कंटाळवाणा पट्टा रेल्वेने गाठला तर काय बिघडतं? शिवाय ॲनीने शिकागोत सुमारे १९ किलोची सायकल सोडून जवळपास निम्म्या वजनाची घेतली. ते वाचल्यावर मी पिशव्या उघडल्या आणि निम्मं सामान परत कपाटात ठेवलं.

*

करंगळी बधिर झाली तर घाबरू नकोस, असं फिजिओथेरपिस्ट मित्राने आधीच सांगितलं होतं. तळहातावर भार येऊन तिथली नस दाबली जाते, म्हणून पकड बदलत राहायची आणि कोपर सैल ठेवायचं. झालीच बधिर. माहीत असल्यामुळे रस्त्यात रडलो नाही.

*

मी मागे राहणारी. भाऊ सायकलवर लांब गेला होता. "कसं चाललंय?" विचारलं की "मस्त" येतं, त्यातून काही कळत नाही. म्हणून मी रोज विचारायचे, "दुपारनंतर काय खाल्लंस?" तासन्‌तास पेडल मारताना ताशी ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं पोटात जावी लागतात. ती गेली नाहीत की पाय जड होतात आणि जग वाईट दिसायला लागतं. समोरचा वारा असला की तो खायचं विसरायचा आणि नेमका त्याच दिवशी "परत येतो" म्हणायचा. मी म्हणायचे, ये की, पण आधी खा.

आणखी एक. मेसेज आला नाही तर काळजी किती वाजल्यापासून करायची हे निघण्याआधीच ठरवून घ्या. रस्त्यात नेटवर्क जातं, बॅटरी संपते. आमच्यात रात्री दहा ठरलं होतं. त्याआधी मी फोन करायचा नाही आणि आईलाही करू द्यायचा नाही. दुसरं जास्त अवघड होतं.