मदत हवी आहे : लहान ईमेल मार्केटिंग कंपनीच्या वाढीची बातमी ग्राहकांना कशी कळवावी?

पत्रपेटी
नमस्कार. पुण्यात आमची ईमेल मार्केटिंगची लहान कंपनी आहे. दिवाळी अंकांचे प्रकाशक, सहल कंपन्या, पैठणीची दुकाने आणि काही पतसंस्था यांच्या वतीने आम्ही त्यांच्या ग्राहकांना ईमेल पाठवतो. या वर्षी आमच्याकडील ग्राहक जवळजवळ दुप्पट झाले, नाशिकला दुसरे कार्यालय सुरू झाले आणि काही नवी माणसे कामावर आली. ही बातमी एका निवेदनाद्वारे सर्वांना कळवावी, असे माझ्या भागीदारांचे म्हणणे असून ते निवेदन सोमवारी सकाळी जायला हवे.

अडचण अशी की, नेमके याच सुमारास काही जुने ग्राहक "आमचे ईमेल पूर्वीसारखे वाचले जात नाहीत" अशी तक्रार करू लागले आहेत. अशा वेळी वाढीची बातमी कोणत्या सुरात लिहिली म्हणजे त्यांना ती खिजवल्यासारखी वाटणार नाही? कृपया मसुदा सुचवावा. तांत्रिक बाजू आमचे अभियंते पाहत आहेत, त्यावर चर्चा नको. मला केवळ शब्द हवे आहेत.

उंबरठा
"सर्वांना" म्हणजे नेमके कोणाला? तुम्हाला पैसे देणाऱ्या व्यावसायिकांना, की त्यांच्या याद्यांवर असलेल्या हजारो वाचकांनाही? पैठणीच्या दुकानात ज्या बाईंनी आपला ईमेल पत्ता लिहून दिला, त्यांनी तो दुकानाला दिला आहे, तुमच्या कंपनीला नव्हे. तक्रारी केव्हापासून सुरू झाल्या आणि त्या सर्व प्रकारच्या ग्राहकांकडून येत आहेत का, हेही कळले तर बरे होईल.

जुना_टपाल्या
मला वाटते, येथे विनाकारण संकोच केला जात आहे. मेलचिंप या ईमेल मार्केटिंग सेवेचे उदाहरण पाहावे. बेन चेस्टनट आणि डॅन कर्झियस यांनी 2001 मध्ये अमेरिकेतील अटलांटा येथे संकेतस्थळे बनवण्याच्या व्यवसायाला जोडधंदा म्हणून ते सुरू केले, बाहेरचे भांडवल घेतले नाही, 2009 मध्ये विनामूल्य योजना आणली आणि साधारण वर्षभरात त्यांचे वापरकर्ते 85 हजारांवरून साडेचार लाखांवर गेले. पुढे 2021 मध्ये इंट्यूट या सॉफ्टवेअर कंपनीने ती कंपनी सुमारे 12 अब्ज डॉलरना विकत घेण्याचे जाहीर केले. वाढ ही अभिमानाने सांगण्याची गोष्ट आहे. नाशिकच्या कार्यालयाचे छायाचित्र टाका, आकडे ठळक अक्षरांत द्या आणि पाठवून मोकळे व्हा.

सर्व्हरखोली
टपाल्या, हा दाखला अर्धाच झाला. दारे विनामूल्य उघडल्यावर मेलचिंपकडे नको ती पत्रे पाठवणारी मंडळीही आली आणि त्यांना वेळीच ओळखून बाहेर काढण्यासाठी कंपनीला 'ऑम्निव्होर' नावाची स्वतंत्र यंत्रणा चालवावी लागली. ईमेलच्या धंद्यात नवा ग्राहक म्हणजे नवे उत्पन्न असतेच, पण तो जुन्या ग्राहकांच्या शेजारी राहायला आलेला नवा भाडेकरूही असतो.

पत्रपेटी, चर्चा नको असे तुम्ही म्हटले आहे, तरी दोनच प्रश्न विचारतो. सर्व ग्राहकांचे ईमेल एकाच आयपी पत्त्यांच्या (पाठवणाऱ्या सर्व्हरच्या इंटरनेटवरील क्रमांकांच्या) संचावरून जातात का? आणि त्यांवर डीकेआयएमची, म्हणजे पत्र कोणाकडून आले हे सिद्ध करणारी डिजिटल सही कोणाच्या डोमेनची (इंटरनेटवरील नावाची) असते, प्रत्येक ग्राहकाच्या की तुमच्या?

पत्रपेटी
उंबरठा, भागीदारांच्या मते निवेदन दोन्ही गटांना जावे, कारण वाचकांमध्येही बरेच व्यावसायिक असतात आणि त्यांतून नवे काम मिळू शकते. तक्रारी गणपतीनंतरच्या आहेत आणि त्या मुख्यतः प्रकाशकांकडून आणि सहल कंपन्यांकडून येत आहेत. त्यांचे ईमेल उघडले जाण्याचे प्रमाण निम्म्यावर आले आहे.

सर्व्हरखोली, आयपी सामाईकच आहेत. लहान कंपनीत दुसरे काय असणार? सहीही सर्वांसाठी आमच्याच डोमेनची असते. पण मूळ प्रश्न मसुद्याचा आहे.

दुसरी_बाजू
ईमेल किती जणांनी उघडले, हा आकडाच आता भरवशाचा राहिलेला नाही. अ‍ॅपलने सप्टेंबर 2021 मध्ये आयओएस 15 सोबत मेलमध्ये गोपनीयतेची जी सोय आणली, तिच्यामुळे ज्यांवरून ईमेल उघडल्याची नोंद होते ती चित्रे आधीच उतरवून घेतली जातात आणि मोजणी बिघडते. तुमचे ग्राहक बहुधा उगाच घाबरले आहेत.

सर्व्हरखोली
त्या सोयीमुळे आकडा फुगतो, कारण वाचकाने पत्र उघडले नाही तरी ते उघडल्याची नोंद होते. येथे आकडा निम्म्यावर आला आहे. शिवाय ही सोय येऊन कित्येक वर्षे झाली. तिचा परिणाम नेमका या गणपतीनंतर आणि तोही प्रकाशकांच्याच यादीवर दिसेल, हे पटत नाही. पत्रे जीमेलच्या स्पॅममध्ये जात असावीत, असा माझा तर्क आहे. गणपतीच्या सुमारास कोणता मोठा नवा ग्राहक आला, हे सांगता येईल का?

खतावणी
नाशिकचे कार्यालय सुरू झाल्याचे वाचले म्हणून लिहितो. एकाच राज्यात असल्यामुळे त्यासाठी वेगळी जीएसटी नोंदणी लागत नाही, परंतु व्यवसायाचे अतिरिक्त ठिकाण म्हणून त्याची नोंद सध्याच्या नोंदणीत करून घ्यावी लागते आणि बदल झाल्यापासून 15 दिवसांत तसा अर्ज करणे अपेक्षित असते. तसेच माणसांची संख्या 20 वर पोहोचली की भविष्य निर्वाह निधीचा कायदा लागू होतो. वाढीच्या आनंदात या दोन्ही गोष्टी हमखास राहून जातात.

पत्रपेटी
खतावणी, धन्यवाद, आमच्या सनदी लेखापालांना विचारते. पण हा माझा प्रश्न नव्हता.

सर्व्हरखोली, त्या सुमारास एक मोठा शिकवणी वर्ग आला. त्यांची यादी आमच्या इतर कोणत्याही ग्राहकाच्या यादीपेक्षा मोठी आहे. यादी त्यांची स्वतःची आहे, असे त्यांनी लिहून दिले आहे. पहिल्या पाठवणीत बरेच ईमेल परत आले, परंतु जुन्या यादीत तेवढे होतेच, असे त्यांचे म्हणणे पडले.

उंबरठा
"स्वतःची यादी" या शब्दांत फार काही मावते. विद्यार्थ्यांनी वर्गाच्या संकेतस्थळावर पत्ता भरला आणि आलेल्या दुव्यावर टिचकी देऊन तो पक्का केला, हीही स्वतःची यादी; आणि एखाद्या शैक्षणिक प्रदर्शनातून गोळा झालेली किंवा कोणाकडून विकत घेऊन आपल्या संगणकात साठवलेली, तीही स्वतःचीच. पत्रे मोठ्या संख्येने परत येतात तेव्हा बहुधा दुसरा प्रकार असतो. त्या वर्गाकडे पत्ता कधी आणि कोठून मिळाला याची नोंद मागावी, आणि ती मिळेपर्यंत त्यांची पुढची पाठवणी थांबवावी.

सर्व्हरखोली
आता चित्र स्पष्ट झाले. जीमेल आणि याहू यांनी ऑक्टोबर 2023 मध्ये जाहीर केलेले नियम फेब्रुवारी 2024 पासून लागू झाले. त्यांनुसार जीमेलच्या खात्यांवर दिवसाला 5 हजारांहून अधिक पत्रे पाठवणाऱ्या डोमेनला एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क ही पत्र खरोखर त्याच डोमेनकडून आल्याचे दाखवणारी तिन्ही प्रमाणीकरणे असावी लागतात, जाहिरातीच्या पत्रांत एका टिचकीत नाव वगळण्याची सोय द्यावी लागते, ती विनंती दोन दिवसांत अमलात आणावी लागते आणि वाचकांनी 'स्पॅम' असे कळवण्याचे प्रमाण 0.3 टक्क्याच्या खाली ठेवावे लागते, 0.1 टक्क्याच्या आत राहिलेले उत्तम. म्हणजे जीमेलमध्ये पोहोचलेल्या हजार पत्रांमागे तीन जणांनी ते बटण दाबले तरी मर्यादा गाठली जाते.

सही तुमच्या डोमेनची असल्यामुळे शिकवणी वर्गाच्या पत्रांवर आलेली नाराजी तुमच्या डोमेनच्या खात्यावर जमा होत आहे आणि तिची झळ दिवाळी अंकवाल्यांना बसत आहे. ईमेल पाठवणाऱ्यांसाठी असलेल्या गूगलच्या पोस्टमास्टर टूल्समध्ये तुमच्या डोमेनच्या स्पॅम-तक्रारींचा आलेख पाहावा. त्या वर्गाच्या पाठवणीच्या दिवशी तो चढलेला दिसला, तर आणखी पुरावा लागणार नाही.

जुना_टपाल्या
एवढ्यासाठी स्वतःचे सर्व्हर ठेवण्याचा खटाटोप कशाला? सगळे अ‍ॅमेझॉनच्या एसईएस या ईमेल पाठवणीच्या सेवेवर हलवावे. हजार ईमेलना दहा सेंट पडतात. किंवा प्रत्येक ग्राहकाला स्वतंत्र आयपी द्यावा, म्हणजे एकाचे पाप दुसऱ्याच्या माथी येणार नाही.

सर्व्हरखोली
दोन्ही उपाय येथे लागू पडत नाहीत. एसईएसवर परत येणाऱ्या पत्रांचे प्रमाण 5 टक्क्यांवर गेले की खाते तपासणीखाली येते आणि 10 टक्क्यांवर गेले तर पाठवणी थांबवली जाऊ शकते. तो वर्ग तेथे नेला तर तुमचे सगळेच ग्राहक एकदम बंद पडण्याची भीती आहे. स्वतंत्र आयपीचे म्हणाल, तर महिन्यातून एकदा काही हजार पत्रे पाठवणाऱ्या पैठणीच्या दुकानाच्या आयपीला नावलौकिक मिळण्याइतकी रहदारीच नसते. नव्या आयपीवरून आधी थोडी आणि मग हळूहळू वाढवत पत्रे पाठवावी लागतात आणि त्यात काही आठवडे जातात. दिवाळी तोंडावर असताना तो प्रयोग करू नये.

त्याऐवजी सामाईक आयपींचे दोन गट करावेत, पारखलेल्या ग्राहकांचा एक आणि नव्यांचा दुसरा. प्रत्येक ग्राहकाच्या पत्रांवर त्याच्याच डोमेनची डीकेआयएम सही असावी; त्यासाठी ग्राहकाला आपल्या डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेनच्या नोंदवहीत, एक-दोन नोंदी कराव्या लागतील आणि त्या तुमच्या माणसांनी फोनवर बसून करून द्याव्यात.

दुसरी_बाजू
अ‍ॅपलचा मुद्दा मी सोडतो. पण कायद्याचा मुद्दा कोणीच काढलेला नाही. आपल्याकडचा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा ऑगस्ट 2023 मध्ये झाला. त्याची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने असली तरी दिशा स्पष्ट आहे : माहिती ज्या कामासाठी घेतली त्याच कामासाठी वापरावी, संमती देणे जितके सोपे तितकेच ती मागे घेणे सोपे असावे, आणि संमतीची सूचना इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतील 22 भाषांपैकी कोणत्याही भाषेत, म्हणजे मराठीतही, वाचण्याचा पर्याय असावा. कमाल दंड 250 कोटी रुपयांपर्यंत आहे. भागीदारांना वाचकांच्या याद्यांवर कंपनीची जाहिरात पाठवायची आहे, हे वाचून मला शिकवणी वर्गापेक्षा त्याचीच अधिक काळजी वाटली.

पत्रपेटी
वाचकांच्या याद्यांना निवेदन पाठवायचे नाही, हे आता ठरले. दंडाचा आकडा दाखवल्यावर भागीदारांनीही आग्रह सोडला. पोस्टमास्टरचा आलेख अभियंत्यांनी पाहिला आणि सर्व्हरखोली यांचा तर्क खरा निघाला. शिकवणी वर्गाची पाठवणी थांबवली आहे. ते रागावले आहेत. परंतु पैसे देणाऱ्या ग्राहकांना सोमवारी काही तरी कळवायचेच आहे. त्यांना हे सगळे सांगावे की केवळ नाशिकचे कार्यालय सांगावे?

जुना_टपाल्या
कार्यालय सांगावे. पत्रे स्पॅममध्ये जात होती, असे ईमेल मार्केटिंगच्या कंपनीने स्वतःच्या लेखणीने लिहून देणे म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या हाती कागद देणे आहे.

उंबरठा
मी असहमत आहे. प्रकाशकाचे वर्षाचे उत्पन्न या काही आठवड्यांत ठरते. पत्रे पोहोचत नसल्याचे त्याला आता कळले, तर तो फोन आणि व्हॉट्सअ‍ॅपकडे वळू शकेल. दिवाळीनंतर कळले, तर तो तुमच्याकडून कायमचा जाईल. ज्या ग्राहकांना फटका बसला त्यांना निवेदन पाठवू नये, मालकांपैकी एकाने फोन करावा आणि त्यानंतर त्यांच्या नावाने पत्र पाठवावे. उरलेल्यांना साधे निवेदन पुरे. पत्राचा मसुदा असा करता येईल :

"सप्रेम नमस्कार. फोनवर बोलल्याप्रमाणे, गणपतीनंतर आपल्या काही ईमेलना वाचकांच्या मुख्य पेटीत जागा मिळाली नाही. आमच्याकडे नव्याने आलेल्या एका मोठ्या यादीमुळे आमच्या सामाईक यंत्रणेवर हा परिणाम झाला. ती पाठवणी आम्ही थांबवली असून आपली पत्रे आता वेगळ्या गटातून जात आहेत. यापुढे ती आपल्याच डोमेनच्या सहीने जावीत, यासाठी आमचे सहकारी आपल्याला डीएनएसमधील नोंदी करून देतील. त्या काळात पाठवलेल्या पत्रांचे शुल्क आम्ही आपल्या पुढील बिलातून वजा करत आहोत. पहिले काही आठवडे आपली पत्रे नियमित वाचणाऱ्या वाचकांनाच पाठवावीत, अशी विनंती आहे. आमचे नाशिकचे कार्यालय सुरू झाले असून त्या भागातील ग्राहकांची कामे यापुढे तेथून पाहिली जातील."

खतावणी
शुल्क वजा करायचे असेल तर नुसती पुढच्या बिलात सूट दाखवू नये. आधीच्या बिलापोटी रीतसर क्रेडिट नोट काढावी, म्हणजे जीएसटीचा हिशेबही जुळेल.

पत्रपेटी
मसुद्याबद्दल उंबरठा यांचे मनापासून आभार. भागीदारांना शुल्क वजा करण्याचे वाक्य मान्य नाही, मला आहे; त्यावर आज संध्याकाळी बसणार आहोत. शिकवणी वर्गाने यादीची नोंद अद्याप दिलेली नाही आणि "दुसरीकडे जाऊ" असे कळवले आहे. ते गेले तर या वर्षीची वाढ बरीचशी त्यांच्याबरोबर जाते, त्यामुळे "ग्राहक दुप्पट" हा आकडा निवेदनातून तूर्त काढून टाकते.

सर्व्हरखोली
जाऊ द्यावे. डीएनएसच्या नोंदींना प्रकाशकांपासून सुरुवात करा, त्यांची पाठवणी सर्वांत आधी आहे.