संगणक दुरुस्तीच्या दुकानांत लबाडी अधिक की अज्ञान?

चौकस_वाचक

माझा पाच वर्षे वापरलेला लॅपटॉप गेल्या महिन्यात एके दिवशी अचानक चालू होईना. चार्जरची पिन लावली की चार्जरवरचा हिरवा दिवा विझायचा आणि पिन काढली की काही वेळाने पुन्हा लागायचा, एवढेच लक्षण मला दिसत होते. पहिल्या दुकानात तपासणीचे पैसे पडणार नाहीत असे आधीच सांगण्यात आले. दहा मिनिटांत लॅपटॉप आतल्या खोलीतून परत आला आणि 'मदरबोर्ड गेला आहे, बदलावा लागेल' असा निकाल मिळाला. सांगितलेला खर्च नव्या लॅपटॉपच्या निम्म्याहून अधिक होता. दुसऱ्या दुकानाने लॅपटॉप उघडण्यापूर्वीच तपासणी शुल्क घेतले, तीन दिवस तो ठेवून घेतला आणि बोर्डावरचा कपॅसिटर नावाचा एक छोटासा भाग बदलून चालू करून दिला. शुल्क धरूनही एकूण बिल पहिल्या आकड्याच्या आठव्या हिश्श्याहून कमी झाले.

लॅपटॉप आता व्यवस्थित चालतो, त्यामुळे तक्रार अशी काही नाही. पण पहिला दुकानदार मला फसवत होता, की त्याला दोष खरोखरच सापडला नव्हता, हे कळल्याशिवाय चैन पडत नाही. शिवाय ज्याला यातले काही कळत नाही अशा गिऱ्हाइकाने सांगितलेली किंमत रास्त आहे की नाही, हे ओळखायचे तरी कसे? कृपया 'ओळखीच्या माणसाकडे जा' यापलीकडचे उत्तर द्यावे, कारण माझ्या ओळखीत असा माणूस नाही.

डाखकाम

मी स्वतः बोर्डदुरुस्तीचे काम करतो, तेव्हा माझे मत थोडे आपल्या बाजूचे असणार, हे गृहीत धरूनच वाचावे.

चार्जरचा दिवा विझतो म्हटल्यावर पहिला संशय मुख्य वीजवाहिनी शॉर्ट असल्याचाच यायला हवा. ॲडॅप्टरकडून येणारे साधारण 19 व्होल्ट ज्या वाहिनीवर जातात, तिच्यावर बरेच सिरॅमिक कपॅसिटर समांतर बसवलेले असतात. त्यांतला एक जरी आतून तडकून शॉर्ट झाला तरी सगळी वाहिनी ग्राउंडला, म्हणजे शून्य व्होल्टच्या परतीच्या वाटेला, टेकते आणि ॲडॅप्टर स्वतःला वाचवण्यासाठी पुरवठा तोडतो. शॉर्ट आहे एवढे मल्टिमीटर अर्ध्या मिनिटात सांगतो. नेमका कोणता कपॅसिटर शॉर्ट आहे हे मात्र तो सांगत नाही, कारण समांतर जोडलेल्या सगळ्यांवर वाचन शून्याच्या आसपासच येते. मग करंटला मर्यादा घालून बाहेरून एखादा व्होल्ट त्या वाहिनीवर सोडायचा, बोर्डावर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा पातळ थर पसरायचा आणि डोळे लावून बसायचे. जो भाग तापतो त्याच्यावरचे अल्कोहोल सर्वांत आधी उडते आणि ओल्या बोर्डावर तिळाएवढी कोरडी जागा उमटते. तोच आपला चोर. ज्यांच्याकडे उष्णता दाखवणारा कॅमेरा असतो त्यांना हे अधिक सोपे जाते.

तो कपॅसिटर कवडीमोलाचा असतो, तेव्हा बिल पाहून 'एवढ्याशा तुकड्याचे एवढे पैसे?' असे म्हणणाऱ्यांनी हा शोध लक्षात घ्यावा. त्यातही प्रत्येक वेळी शेवट असा गोड होत नाही. प्रोसेसरला वीज देणाऱ्या भागातला वरच्या बाजूचा मॉसफेट (वीज चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) शॉर्ट झाला असेल, तर एखाद्या व्होल्टवर चालणाऱ्या प्रोसेसरवर थेट 19 व्होल्ट जातात. तेव्हा पहिल्या दुकानदाराचे 'बोर्ड गेला' हे शब्द अक्षरशः खरे ठरले असते.

त्याच्याविषयी माझा अंदाज असा, की तो सुटे भाग बदलून देणारा आहे, बोर्डावर हात चालवणारा नाही. अशा दुकानांत 'बोर्ड गेला' याचा अर्थ 'हे माझ्या हातचे काम नाही' इतकाच असतो. यात लबाडी नाही, पण हा अर्थ गिऱ्हाइकाला सांगितला जात नाही, हे मात्र गैर आहे.

आमच्या बाजूलाही सगळे धुतल्या तांदळासारखे नसतात. ग्राफिक्स चिपला हीट मारून लॅपटॉप चालू करून देणारे पुष्कळ आहेत. चिपच्या आतली सुटलेली जोडणी उष्णतेने तात्पुरती पकड घेते, काही आठवडे पडदा व्यवस्थित दिसतो आणि मग पुन्हा तोच अंधार. हे उत्तम माहीत असून जो 'कायमचे काम केले आहे' म्हणतो, त्याला मी बेलाशक फसवणूक म्हणेन.

हिशेबी

वरचे उत्तर पटले, पण लबाडीचा मुद्दा त्यात थोडा लवकर निकालात काढला आहे. या धंद्यात दोष शोधणारा आणि दुरुस्ती विकणारा एकच असतो, आणि आपल्याला नेमके काय हवे होते हे गिऱ्हाइकाला काम झाल्यावरही कळत नाही. बोर्ड बदलून घेतला असतात तरी लॅपटॉप चालू झालाच असता आणि आपण समाधानाने घरी गेला असतात.

याची चाचणी संगणक दुरुस्तीच्याच दुकानांत झालेली आहे. ऑस्ट्रियातल्या अर्थशास्त्रज्ञांनी रॅमचा एक मॉड्यूल मुद्दाम बिघडवलेले संगणक निरनिराळ्या दुकानांत दुरुस्तीला दिले. काही ठिकाणी फक्त बिघाड सांगितला, तर काही ठिकाणी खर्च विमा कंपनी देणार असल्याचेही बोलता बोलता सांगितले. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, विम्याचा उल्लेख झाला तेथे सरासरी बिल 80 टक्क्यांहून अधिक वाढले. दोष तोच होता. वाढ झाली ती गरज नसलेले भाग बदलल्यामुळे आणि कामाचे तास फुगवून लावल्यामुळे. त्यामुळे पैसे कार्यालय देणार आहे की विमा कंपनी, हे दुकानात बोलूच नये.

आपल्या प्रश्नाची ग्यानबाची मेख माझ्या मते 'फुकट तपासणी' या शब्दांत आहे. तपासणीला वेळ जातो आणि त्या वेळेचे पैसे कोठून तरी निघावेच लागतात. शुल्क न घेणाऱ्याला ते दुरुस्तीतून, म्हणजे काहीतरी विकूनच, काढावे लागतात, आणि तो दहा मिनिटांपलीकडे वेळही घालवू शकत नाही. शुल्क घेणाऱ्याला 'यात काही बिघाड नाही, घेऊन जा' असे म्हणणे परवडते. पहिला माणूस अप्रामाणिक असो वा नसो, त्याच्या व्यवहाराची रचनाच तुम्हाला बोर्डाकडे ढकलत होती.

जुना_डबा

शुल्क भरले म्हणजे निदान बरोबर येते, हा निष्कर्ष मला घाईचा वाटतो. शुल्क घेऊनही अंदाजपंचे निदान करणारे मी पाहिले आहेत. आमच्या कार्यालयातले संगणक बाहेर पाठवण्याचे काम अनेक वर्षे माझ्याकडे आहे आणि मी एकच प्रश्न विचारतो: 'हे कशावरून ठरवले?'

उदाहरणार्थ, हार्ड डिस्क खराब असल्याचे सांगितले, की मी स्मार्टच्या नोंदी दाखवायला सांगतो. डिस्क स्वतःच्या प्रकृतीची ही नोंदवही स्वतःच ठेवत असते आणि फुकट मिळणाऱ्या प्रोग्रामने ती दोन मिनिटांत पडद्यावर येते. 5, 197 आणि 198 या क्रमांकांपुढचे आकडे वाढत असतील तर डिस्कचा पृष्ठभाग खराब होत चालला आहे, आणि आधी बॅकअप घेऊन ती बदलणेच शहाणपणाचे. पण एकदा नोंदींत हे तिन्ही आकडे शून्य होते आणि फक्त 199 पुढचा आकडा फुगलेला होता. तो बहुधा केबलचा किंवा जोडणीचा दोष दाखवतो. केबल बदलली आणि जिला बाद ठरवले होते ती डिस्क पुढे दोन वर्षे चालली. (केबल बदलल्यावर तो आकडा शून्यावर येत नाही, फक्त वाढायचा थांबतो, यावरून पुन्हा घाबरू नये.)

दुसरी खूण म्हणजे 'फॉरमॅट मारावा लागेल' हे सर्व रोगांवरचे औषध. पंख्यात धूळ साचून प्रोसेसर तापत असेल, तर फॉरमॅट केल्याने एक अंशही उतरत नाही, मात्र आठवडाभर संगणक हलका वाटतो आणि तेवढ्यात बिल चुकते झालेले असते.

किंमत रास्त की नाही, याचे सरसकट माप माझ्यापाशी नाही. सुटा भाग आणि मजुरी वेगवेगळी लिहून मागावी. भागाची किंमत कोठेही पडताळून पाहता येते आणि उरते ती मजुरी. तिच्यावर घासाघीस करायला मला स्वतःला आवडत नाही.

कुलूपबंद

किमतीविषयी वर पुरेसे आले आहे, म्हणून सचोटीची एक निराळी बाजू मांडतो. कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठाच्या संशोधकांनी आतल्या हालचालींची गुपचूप नोंद ठेवणारे लॅपटॉप दुकानांत दुरुस्तीला दिले आणि निष्कर्ष 2022 मध्ये मांडले. ज्या 12 दुकानांतल्या नोंदी तपासता आल्या, त्यांतल्या सहांत खाजगी फायली उघडून पाहिल्या गेल्या आणि त्यांतल्या दोघांनी त्या स्वतःकडे उतरवूनही घेतल्या. बॅटरी किंवा पडदा बदलायला पासवर्ड लागत नाही, तरीही तो सवयीने मागितला जातो. न देता विचारावे, 'कशासाठी?'

आणि बोर्ड खरोखरच बदलायचा असेल, तर बिटलॉकरची, म्हणजे विंडोजमधल्या डिस्क कुलूपबंद करणाऱ्या एन्क्रिप्शनची, 48 अंकी रिकव्हरी की आधी शोधून लिहून ठेवावी. नव्या बोर्डावर विंडोज ती मागते, आणि ती नसेल तर डिस्क धडधाकट असूनही आतले काहीच हाती लागत नाही. नव्या लॅपटॉपवर हे एन्क्रिप्शन बहुतेकदा मालकाच्या नकळत चालू असते.

चौकस_वाचक

सर्वांचे आभार. 'कशावरून ठरवले?' हा प्रश्न घेऊन मी पहिल्या दुकानात पुन्हा गेलो. मालकाने न चिडता सांगितले, की त्यांनी दुसरा चार्जर लावून पाहिला, बॅटरी काढून पाहिली, आणि तरीही चालू होईना तेव्हा बोर्ड गेल्याचे ठरवले. मल्टिमीटर लावला नव्हता. बोर्डावरचे काम ते करतच नाहीत. 'तसे काम करणाऱ्याकडे पाठवले असते, पण आपण विचारले नाही,' असेही ते म्हणाले. डाखकाम यांचा अंदाज बरोबर ठरला, आणि हिशेबी यांचाही बहुधा चुकला नाही.

डाखकाम

एक विचारायचे राहिले. काढलेला कपॅसिटर त्या दुसऱ्या दुकानाने आपल्याला परत दिला होता का?

चौकस_वाचक

हो. बिलाच्या कोपऱ्यात पारदर्शक चिकटपट्टीखाली एक तपकिरी ठिपका होता. मी इतके दिवस तो कागदावरचा डाग समजत होतो.