‘कार्पे जुग्युलम’ ऑडिओबुक: डिस्कवर्ल्डची सुरुवात इथून केली तर चालेल का?

रातराणी:
टेरी प्रॅचेटचं ‘कार्पे जुग्युलम’ ऐकायचं मनात आहे. चेटकिणी विरुद्ध आधुनिक व्हॅम्पायर, एवढंच माहीत आहे आणि तेवढ्यावरच मन बसलंय. लोकलमध्ये येता-जाता ऐकेन. पण हे डिस्कवर्ल्ड या त्याच्या विनोदी कल्पनारम्य मालिकेतलं २३वं पुस्तक निघालं आणि मी आधीचं एकही वाचलेलं नाही. अडेल का? शिवाय रेकॉर्डिंग एकापेक्षा जास्त आहेत, त्यातलं कोणतं घ्यावं? भाची आठवीत आहे, तिलाही ऐकायचंय. चालेल ना?

सह्यकडा:
थेट यावर उडी नको. चेटकिणींची पुस्तकं क्रमाने अशी: इक्वल राइट्स (१९८७), वीर्ड सिस्टर्स (१९८८), विचेस अब्रॉड (१९९१), लॉर्ड्स अँड लेडीज (१९९२), मास्करेड (१९९५) आणि मग हे, १९९८चं. मॅग्रॅट ही चेटकीण राणी कशी झाली, तिची जागा ॲग्नेस या तरुण मुलीने का घेतली, हे याच्या लगेच आधीच्या दोन पुस्तकांत येतं. निदान ‘वीर्ड सिस्टर्स’ तरी आधी ऐका.

जिजी:
रातराणी, खुशाल इथून सुरू करा. मीही इथूनच केली आणि मला ग्रॅनी वेदरवॅक्स, म्हणजे यातली मुख्य चेटकीण, जशी भेटायला हवी होती तशीच भेटली.

मी लेबर रूमला सिस्टर आहे. पुस्तकात अगदी सुरुवातीला ग्रॅनीला एका अडलेल्या बाईसाठी बोलावणं येतं. बाईला गाईने लाथ मारलेली, सुईणीचे हात टेकलेले. आई आणि बाळ दोघंही वाचणार नाहीत, कोणीतरी एकच. सुईण म्हणते, नवऱ्याला विचारायला हवं. ग्रॅनी विचारू देत नाही. त्याने आपलं असं काय वाकडं केलंय की हे ओझं त्याच्या डोक्यावर द्यावं, असं तिचं म्हणणं. ती स्वतः ठरवते, आणि ठरवल्याचं ओझं घेऊन एकटी घरी जाते.

आमच्याकडे नातेवाइकांना सगळं समजावून सही घेतात, आणि तेच योग्य आहे. पण त्या कागदावर सही करताना नवऱ्याचा हात कसा थरथरतो ते मी पाहिलंय. त्यामुळे हा प्रसंग ऐकताना मी मोबाइल बंद करून थोडा वेळ नुसतीच बसले. विनोदी म्हणून हातात घेतलेल्या पुस्तकाने असं काही केलं नव्हतं आजवर.

आता व्हॅम्पायर. लँकर या चेटकिणींच्या राज्याचा राजा मुलीच्या बारशाला उबरवाल्डच्या काउंट मॅगपीरला सहकुटुंब आमंत्रण धाडतो. बोलावल्याशिवाय त्यांना उंबरा ओलांडता येत नाही, आणि हा स्वतःहून बोलावतो! काउंटने पोरांना लहानपणापासून लसणाची, उन्हाची, देवाधर्माच्या खुणांची सवय लावलेली आहे, त्यामुळे जुने उपाय त्यांच्यावर चालत नाहीत. शिवाय तो समोरच्याच्या मनाचाच ताबा घेतो, मग पाहुणे मोठे भले वाटायला लागतात. ॲग्नेस तेवढी सुटते, कारण तिच्या आत पर्डिटा नावाची दुसरी मुलगी आहे. एक भुलली तरी दुसरी जागी असते.

आणि एस्क्रो हे गाव! तिथे काउंटने गावकऱ्यांशी ठराव केलाय. घंटा झाली की लोक चौकात रांगेत उभे राहतात, रक्त देतात. आरडाओरडा नाही, पाठलाग नाही. मला पुस्तकात खरी भीती वाटली ती या रांगेची. बघा ना, काउंट सगळं ठरवून, संमतीने करतो आणि ग्रॅनी कुणालाही न विचारता. तरी समोरच्याला माणूस म्हणून कोण बघतंय, हे ऐकताना पुरतं कळतं. पुढे पावसाचिखलात ग्रॅनी आणि ओट्स नावाचा, स्वतःच्याच श्रद्धेबद्दल शंका असलेला धर्मोपदेशक यांचं बोलणं आहे. पाप म्हणजे माणसाला वस्तूसारखं वागवणं, असं ती त्याला सांगते. पहिला प्रसंग मनात ताजा असेल तर ते बोलणं फार खोल जातं. आधीची पुस्तकं त्यासाठी लागत नाहीत.

रेकॉर्डिंग: टोनी रॉबिन्सनचं संक्षिप्त आहे, ते नको. नायजेल प्लेनरचं पूर्ण आहे. मी मात्र पेंग्विनचं नवं, इंदिरा वर्माचं ऐकलं. त्यात तळटीपा बिल नाय वाचतो, म्हणून तळटीप आली हे कानाला लगेच समजतं. मृत्यू हे पात्र पीटर सेराफिनोविचच्या आवाजात आहे. त्या बाळंतपणाच्या रात्री तो येतो, तेव्हा हेडफोन लावूनच ऐका.

घाटमाथा:
जिजी, सुरुवातीबद्दल पूर्ण सहमत. मध्यावर मात्र कथेला फार फाटे फुटतात असं माझं मत आहे. फिनिक्स पक्ष्याचा पाठलाग थोडक्यात आटोपला असता. नॅक मॅक फीगल हे बुटके निळे लढवय्ये इथेच पहिल्यांदा येतात, आणि त्यांची स्कॉटिश वळणाची बोली लोकलच्या खडखडाटात अजिबात कळणार नाही. तेवढा भाग वेग कमी करून घरी ऐका.

पण इगोरसाठी सगळं माफ! दारं करकरली पाहिजेत, कोपऱ्यात कोळी पाहिजेत, धूळ पाहिजे, असा जुन्या वळणाचा नोकर. मालक सुधारले याचं त्याला मनापासून दुःख आहे. तुकडे जोडून बनवलेला त्याचा कुत्राही गोड आहे.

रातराणी:
सगळ्यांचे आभार. सह्यकडा, क्रम लिहून ठेवलाय, पण जिजींचं वाचून आता थांबवत नाही. इंदिरा वर्माचं घेतलं. जिजी, भाचीचं काय करू?

जिजी:
तिला यातली सुरुवात एकटीला ऐकू देऊ नका, त्यात बाळ जातं. तिच्यासाठी ‘द वी फ्री मेन’ (२००३) घ्या. ते मुलांसाठीच लिहिलंय, नायिका नऊ वर्षांची आहे आणि हेच फीगल तिच्या सोबतीला आहेत. ‘कार्पे जुग्युलम’ मात्र तुम्ही आधी पूर्ण ऐका, मग ती तुमच्या शेजारी बसलेली असताना लावा.