गाडीवर असताना तुमचं काय होतं? अनुभव लिहा

मोटरसायकल का चालवता, असं कुणी विचारलं की आपण मायलेज, पार्किंग, वाचणारा वेळ असं काहीबाही सांगून मोकळे होतो. खरं कारण सांगायचं राहूनच जातं. ते इथे लिहूया. गाडी कुठली, किती सीसीची, हे सांगावंसं वाटलं तर जरूर सांगा, पण मला उत्सुकता आहे ती गाडी चालवताना तुमचं काय होतं याची.

सुरुवात मी करते. उजव्या हाताला रेस आणि पुढचा ब्रेक, डाव्या हाताला क्लच, उजव्या पायाखाली मागचा ब्रेक, डाव्या पायाशी गिअर. डोळे रस्त्यावर, मधूनच आरशात. चारही हातपायांना काम मिळालं की माझ्या डोक्यातली कटकट बंद पडते. दिवसभर छळणारा प्रश्न हेल्मेटचा पट्टा लावेपर्यंत सोबत असतो, तिसरा गिअर पडेपर्यंत कुठे गेला ते कळतही नाही. लोकांना वाटतं आम्हाला वेगाचं वेड आहे. मला चाळीसच्या वेगातही तेवढंच मोकळं वाटतं.

*

मला वळणं आवडतात. सरळ रस्ता मी पुढचं वळण येईपर्यंत चालवतो, एवढंच.

एका जुन्या जाणत्या चालकाने मला हँडलची गंमत समजावली होती. गाडीला थोडा वेग असला की उजवीकडे वळताना हँडलचं उजवं टोक हलकंच पुढे ढकलायचं. म्हणजे चाक क्षणभर डावीकडे फिरतं, गाडी उजवीकडे कलते आणि वळण घेते. ऐकताना अजिबात पटत नाही. खरं तर सायकल चालवणारा प्रत्येक जण हे नकळत करतच असतो. विमानवाल्या राइट बंधूंपैकी विल्बर यांनी कितीतरी सायकलस्वारांना विचारून पाहिलं होतं की तुम्ही डावीकडे वळता कसे, तर पहिल्या झटक्यात कुणालाच नीट सांगता आलं नव्हतं. शरीराला ठाऊक असतं, आपल्याला नसतं.

मी ते कळून करायला लागलो आणि वळणं माझी झाली. आधीच वेग उतरवायचा, एक गिअर खाली, नजर वळण जिथे उलगडतं तिथे, आणि तळहाताचा अगदी थोडा दाब. दाब वाढवला तर गाडी आणखी कलते, सोडला तर उठते. बाहेर पडताना रेस किंचित वाढवत नेली की गाडी अंगाखाली हळूहळू सरळ उभी राहते. त्या दोन-तीन सेकंदांसाठी मी पहाटेची झोप सोडतो. नजरेचं मात्र सांभाळा. ती खड्ड्यावर खिळली की गाडी खड्ड्यातच जाते, मोकळ्या जागेवर ठेवली की तिथून निघते.

*

माझं उलटं आहे. डोकं रिकामं व्हायला मी गाडी काढत नाही, माझे अडलेले विचार गाडीवर सुटतात. इंजिन एका लयीत चालत असतं, मी काहीच ठरवून विचार करत नसते, आणि टेबलाशी तासन् तास बसून न सुचलेलं अचानक समोर येतं. मग कडेला थांबून लिहून घेते. वरच्या वळणवाल्या दादांना हे चालणार नाही, पण मला सरळ, लांबलचक रस्ताच हवा!

*

मला जन्मापासून ऐकू येत नाही. इंजिनचा आवाज ऐकून गिअर बदल, असंच सगळे शिकवतात, त्यामुळे मला शिकवायला कुणी तयार होईना. शेवटी बहिणीने शिकवलं.

मी इंजिन हातापायांनी ओळखते. गाडी जड पडायला लागली की फूटरेस्टमधून जाडसर, सुटी सुटी धडधड तळपायाला लागते. गिअर खाली. रेस जास्त झाली की हँडलच्या टोकांना बारीक झिणझिण्या सुरू होतात, करंगळीला आधी कळतं. गिअर वर. या दोन्हींच्या मधे इंजिन खुशीत असतं. आरशातलं थरथरणारं चित्र तेव्हा स्थिर दिसतं, हे मी कुणाकडूनही शिकलेले नाही, माझं मलाच सापडलं. मागून येणारी वाहनं कळावीत म्हणून मी आरसे तुमच्यापेक्षा खूप जास्त वेळा बघते.

अजून एक आवर्जून सांगते. हेल्मेट चढवली आणि वारा सुरू झाला की कुणालाच एकमेकांचं बोलणं धड ऐकू येत नाही. सगळ्यांनाच हाताच्या खुणा कराव्या लागतात. आमच्या गटात खुणा सगळ्यात पटकन मला कळतात आणि सगळ्यात स्पष्ट माझ्या असतात, म्हणून पुढे मी असते. एरवी घोळक्यात मी नेहमी एक वाक्य मागे असते. तिथे नसते.

*

ताई, तुमचं वाचून लिहायचं धाडस करतेय. मी पन्नाशी उलटल्यावर शिकले. मला भीती चालवण्याची नव्हतीच, उभ्या गाडीची होती. साइड स्टँडवरून ती सरळ करताना सगळं वजन मांडीवर येतं आणि वाटतं, ही गेली. शिकवणाऱ्या मुलीने आठवडाभर मला इंजिन सुरूच करू दिलं नाही. नुसती उभी करायची, ढकलत न्यायची, वळवायची, परत लावायची. वजन हाताने पेलायचं नसतं, गाडी कमरेला टेकवून तोल सांभाळायचा, हे त्यात समजलं.

तेव्हाच ऑगस्टा आणि अ‍ॅडलिन व्हॅन ब्युरेन या अमेरिकन बहिणींविषयी वाचलं. 1916 साली दोघी इंडियन मोटरसायकलींवरून न्यूयॉर्कहून निघाल्या आणि दोन महिन्यांनी लॉस एंजेलिसला पोचल्या. युद्धात निरोप पोचवायचं काम बायकाही करू शकतात हे त्यांना दाखवायचं होतं. वाटेत 4,300 मीटर उंचीच्या पाइक्स पीकवर गाड्या चढवल्या. पुरुषांसारखे कपडे घातले म्हणून पोलिसांनी अडवलंही. एवढं करून सैन्याने काम दिलं नाहीच. मला याचा अजून राग येतो. पण खडीच्या आणि चिखलाच्या रस्त्यांवरून त्या दोघी गेल्या, ते कुणाला पुसता येणार नाही. मी एकटी पहिल्यांदा निघाले तेव्हा त्यांची आठवण काढूनच किल्ली फिरवली.

*

डाव्या हाताच्या बोटांत माझ्या जोर नाही. क्लच दाबता येत नाही म्हणजे मोटरसायकल विसरा, असं गृहीतच धरलं होतं. मग होंडाची सुपर कब चालवून पाहिली. 1958 पासून ही गाडी निघते आहे आणि 2017 पर्यंत तिच्या 10 कोटी गाड्या तयार झाल्या होत्या. हिला क्लचची दांडीच नाही. रेस उतरली की क्लच आपोआप सुटतो, गिअर पायाने टाकायचे. डाव्या हाताने हँडल धरलं की झालं. ही खरी मोटरसायकल नाही असं म्हणणारे भेटतात. मला गिअर टाकता येतो, चढावर इंजिनचा जोर कळतो, जाईन तिथे एकटा जाऊ शकतो. माझ्यासाठी ती खरीच आहे.

*

मी चालवत नाही, मागे बसते. इथे चालेल ना? मागे बसणं म्हणजे नुसतं बसणं नाही. वळणावर गाडीबरोबर कलायचं, घाबरून उलट्या बाजूला जायचं नाही. ब्रेक लागला की माझं हेल्मेट नवऱ्याच्या हेल्मेटवर टक्‌कन आपटतं, आता ब्रेकच्या आधी त्याचे खांदे बदलतात ते कळतं आणि मी मांड्या आवळून बसते. मागच्याला हेल्मेट कशाला, असं मला कुणी म्हणू नका. हेल्मेटमुळे डोक्याची दुखापत होण्याचा धोका 69 टक्क्यांनी कमी होतो, असं अनेक अभ्यासांच्या एकत्रित आढाव्यात दिसलंय. डोकं मागच्यालाही असतं.

*

हवा. एका शब्दात माझं उत्तर. पहाटे सखल भागात उतरलं की थंडीचा लोट अंगावर येतो, कारण रात्री गार झालेली जड हवा खाली साचून राहते. थोडं वर चढलं की पुन्हा ऊब. डोंगर चढताना तर दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंश उतरतात, ते बोटांच्या पेरांना आधी समजतं. पाऊस पुढे कुठेतरी पडून गेलाय हे ओला रस्ता दिसायच्या आधी वासाने कळतं. कारच्या काचा चढवून गेलो असतो तर पोचलो असतो, पण यातलं काहीच मिळालं नसतं.

*

जुनी टू-स्ट्रोक इंजिनाची गाडी चालवणाऱ्यांपैकी कुणीच नाही का? तिला क्रँकच्या, म्हणजे इंजिनातल्या फिरत्या दांड्याच्या, दर फेऱ्याला एकदा ताकद मिळते, फोर-स्ट्रोकला दोन फेऱ्यांत एकदा. त्यामुळे रेस दिली की ती ज्या तडफेने उठते, त्याला तोड नाही. आणि रविवारी चेन घासूनपुसून तेल देताना जो आनंद मिळतो, तोही चालवण्यातलाच धरा.

*

मी सध्या शिकतोय. तुमचे वेगाचे, वळणाचे अनुभव वाचून हुरूप येतो, पण माझी गाडी हळू चालवतानाच डगमगते. पुढच्या आठवड्यात चाचणी आहे. काही सांगाल का?

*

नक्की सांगते. हळू चालवणं सगळ्यात अवघड, त्यामुळे निराश होऊ नका. क्लच पूर्ण सोडायचा नाही, अर्धा धरून ठेवायचा. रेस एकसारखी. वेग आवरायचा तो मागच्या ब्रेकने, अगदी हलक्या पायाने. वळताना पुढचा ब्रेक दाबू नका, गाडी आडवी होते. मान वळवून लांब बघा, पुढच्या चाकाकडे बघाल तर डगमगणारच. रिकाम्या मैदानात रोज अर्धा तास एवढंच करा. इंजिन बंद पडलं तर पडू दे, क्लच धरून पुन्हा सुरू करा. आणि चाचणी झाली की काय झालं ते इथे लिहा, मी वाट बघतेय.